केवलादेवाचे पाणी आणि म्हशींची वाट

आषाढी पौर्णिमेला पालख्या गोपाळपुराला येतात, काला होतो, आणि मग आपण घराकडे वळतो. गोपाळांच्या शिदोऱ्या, कान्होबाचे गाई वळणे, यमुनेचा काठ, हे वर्णन काल्याच्या कीर्तनात आपण किती वेळा ऐकले असेल! पण माऊली, त्यातली एक गोष्ट कानांवरून तशीच वाहून जाते. गाई नदीकाठीच का नेत असत? पाणी पाजायला, हे उत्तर अर्धे झाले. पावसाळ्यात नदी पसरते, मग ओसरते, आणि ओसरताना जी ओली, दलदलीची जमीन मागे ठेवते तिच्यावर उन्हाळ्यातही हिरवे गवत टिकते. गुराख्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. पांडुरंग पंढरीस आला तेव्हा त्याच्या गाई आणि गोपाळ गोपाळपुरी राहिले, असे आपली परंपरा सांगते. विष्णुपदावर देवाच्या पावलांशेजारी गाईंच्या खुरांच्या खुणा दाखवतात आणि आपण तिथे डोके टेकवतो. नदीकाठी उमटलेला गुरांचा खूर आपल्या संप्रदायाने असा पूज्य मानलेला आहे.

त्याच खुराला एका ठिकाणी अपराधी ठरवले गेले, त्यापायी माणसांचे जीव गेले, आणि पुढे दहा वर्षांच्या अभ्यासाने पाण्याची साक्ष वेगळीच निघाली. ती हकीकत व्रजभूमीच्या कडेची आहे. आज ती तुमच्यापुढे ठेवतो.

तुमच्यापैकी जे गोवर्धनाच्या परिक्रमेला गेले असतील त्यांनी कुसुम सरोवर पाहिले असेल. त्याच्या काठी भरतपूरचा महाराजा सूरजमल याची छत्री आहे. मराठी माणसाने हे नाव विसरू नये. १७६१ साली पानिपतावरून जे मराठे उपाशी, जखमी, अंगावरच्या फाटक्या कपड्यांनिशी दक्षिणेकडे निघाले, त्यांना सूरजमलाने आपल्या राज्यात अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. त्याच्याच काळात भरतपूरजवळ गंभीर आणि बाणगंगा या दोन नद्यांचे पुराचे पाणी अडवण्यासाठी अजान बांध घातला गेला. बांधापलीकडच्या सखल जमिनीत दर पावसाळ्यात पाणी साठू लागले. आत महादेवाचे एक जुने देऊळ होते, केवलादेवाचे. भोवती झाडी दाट, म्हणून ‘घना’. त्यावरून त्या सगळ्या जागेला केवलादेव घना म्हणतात. सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा टापू. पावसाळ्यानंतर यातला मोठा भाग उथळ पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात पुष्कळसा कोरडा पडतो. भरणे आणि आटणे हाच त्याचा श्वास.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने तिथे छोटे बंधारे, दारे आणि पाट बांधून पाणी हवे तसे फिरवण्याची सोय केली. हेतू धर्माचा नव्हता, बदकांच्या शिकारीचा होता. व्हाइसरॉय, राजेरजवाडे, गोरे साहेब थंडीत येत आणि बंदुका चालवत. देवळाजवळ आजही दगडी शिळांवर त्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. महादेवाच्या दारात असा हिशेब कोरून ठेवावा, हे वाचून आपले मन आक्रसते. पण त्या शिळा राहिल्या हे एका अर्थी बरेच झाले. झाकून ठेवलेला इतिहास काही शिकवत नाही.

या साऱ्या काळात घन्यात गुरेही चरत होती. भोवतालच्या गावांच्या गाईम्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात. राजा बंदूक घेऊन येई ते थंडीचे काही दिवस. म्हैस रोज येई.

स्वातंत्र्यानंतर पाणी काढून टाकून जमीन कसायला द्यावी अशी मागणी उठली. तेव्हा हा पाणथळा वाचावा म्हणून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. सलीम अली दिल्लीपर्यंत झटले. १९५६ साली ते पक्षी अभयारण्य झाले. १९८१ मध्ये रामसर कराराच्या यादीत त्याचे नाव गेले, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसा. मान वाढत गेला आणि भोवती दगडी भिंतही उभी राहिली.

आता कळीचे ठिकाण. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्यात गुरे चारायला परवानगी देता येते. राष्ट्रीय उद्यानात कायद्याने चराई बंद. जंगलात गुरे शिरली की रोपे तुडवली जातात, रोग पसरतात, रानातल्या प्राण्यांचे खाणे जाते, हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे. म्हणून ज्यांना पक्ष्यांचा जिव्हाळा होता त्यांनीही घन्यातली चराई थांबवावी असेच म्हटले होते. खुद्द सलीम अलींचे मत तेच होते. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. ज्या माणसाने ते पाणी नांगराखाली जाण्यापासून वाचवले, त्याला ते आणखी निर्मळ करायचे होते.

१९८२ च्या नोव्हेंबरात बंदी अमलात आली. गावकऱ्यांना गुरे कुठे न्यायची याची दुसरी वाट दाखवलेली नव्हती. ज्याच्या दारात चार म्हशी, त्याचे घर दुधावर चालते, आणि चारा विकत घ्यायचा तर दूध विकून उरते काय? लोक जमले, गुरांसह आत शिरू लागले. संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकरी मारले गेले. १९३८ साली पडलेल्या पक्ष्यांचा आकडा दगडावर कोरलेला आहे, शेवटच्या तीनापर्यंत. १९८२ साली पडलेल्या माणसांचा आकडा मात्र निरनिराळ्या लिखाणांत निरनिराळा सापडतो. हे वाक्य लिहिताना हात थोडा थांबतो.

बंदी झाली, म्हशी बाहेर राहिल्या. पाण्यात पुढे काय झाले ते नीट ऐकण्यासारखे आहे. त्यासाठी त्या गवताची ओळख हवी.

पास्पॅलम नावाचे एक गवत आहे. आपल्या हरळीचे पाण्यातले भावंड म्हणा. हरळी कशी असते तुम्हाला ठाऊकच आहे. शेतकरी खुरपून थकतो, पण एक पेर मातीत राहिले की त्याला मूळ फुटते. हे गवतही तसेच. प्रत्येक पेरावर मूळ धरते, काठावरून पाण्यात सरपटत जाते, आणि काड्या एकमेकींत गुंतून पाण्यावर घोंगडीसारखा थर तयार होतो. घन्यात ते आधीपासून होते आणि आपल्या मर्यादेत होते. ही मर्यादा कोण राखत होते, हे म्हशी गेल्यावर कळले.

गाय काठावरचे कोरडे गवत पसंत करते. म्हैस पाण्याचे जनावर. ती पोटापर्यंत, मानेपर्यंत पाण्यात उतरते आणि तरंगणारे कोवळे गवत ओढून खाते. तिच्या अंगाच्या वजनाने थर फाटतो, खुरांनी चिखल ढवळला जातो, आणि जिथून ती चालत जाते तिथे मोकळ्या पाण्याची एक वाट राहते. त्या मोकळ्या पाण्यात ऊन खोलवर पोचते, तळाशी पाणवनस्पती वाढतात, मासे फिरतात. तिचे शेण पाण्यात पडते, त्यावर बारीक जीव पोसले जातात, ते माशांच्या तोंडी जातात. चित्रबलाक नावाचा करकोच्याच्या कुळातला मोठा पक्षी चोच अर्धी उघडी ठेवून उथळ पाण्यात बुडवतो आणि मासा लागला की मिटतो. गवताच्या गुंत्यात चोच कशी फिरवणार? बदकाला उतरायला, पोहायला, उडताना धाव घ्यायला उघडे पाणी लागते.

म्हशी थांबल्यावर गवताने पाणी झाकायला सुरुवात केली. दर वर्षी जुन्या काड्या कुजून तळाशी बसू लागल्या, तळ वर येऊ लागला, आणि उथळ पाणी आणखी उथळ झाले. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताचे ढीग म्हणजे आगीला निमंत्रण. गवत काढायला यंत्रे लावून पाहिली. बुलडोझरने वरचे खरवडले जाते, पण ज्या गवताचे बळ पेरापेरात आहे त्याचे काय? पुढच्या पावसात ते पुन्हा हजर.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० साली तिथे अभ्यास सुरू केला होता आणि तो दहा वर्षे चालला. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली पाणी, गवत, मासे, पक्षी, गुरे या सर्वांची मोजदाद झाली. बंदीच्या आधीची थोडी वर्षे आणि नंतरची बरीच, अशी दोन्ही बाजूंची नोंद त्यांच्या हाती आली. १९९१ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की चराई बंद केल्याने या पाणथळ्याचे हित न होता अहित झाले, पास्पॅलम माजले, उघडे पाणी घटले, आणि म्हशींची मर्यादित चराई या पाण्याला उपकारकच आहे.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. चराई बंद व्हावी हे मत ज्या संस्थेत वाढले, त्याच संस्थेने अभ्यास केला आणि स्वतःच्या मताविरुद्ध साक्ष लिहून दिली. आपण कीर्तनात अहंकार सोडण्याची गोष्ट ऐकतो आणि मान डोलावतो. इथे काही माणसांनी ती आकडे आणि तक्ते मांडून करून दाखवली. माझ्या लेखी या हकीकतीतला हा सर्वांत उजळ भाग आहे. डॉ. सलीम अली १९८७ साली निवर्तले होते, अहवाल त्यांनी पाहिला नाही.

सायबेरियातून येणारे पांढरे क्रौंच हे घन्याचे मोठे वैभव होते. १९६० च्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या आसपास होती. ते पाण्याखालच्या चिखलातले कंद उकरून खात. गावातल्या लोकांचे म्हणणे असे की म्हशी जाऊन गवताचे जाळे झाले, चिखल घट्ट झाला, पक्ष्यांना कंद उकरता येईना, म्हणून ते यायचे थांबले. यात तथ्याचा अंश असेल. पण हजारो कोसांच्या त्यांच्या वाटेवर, अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या भागात, त्यांची शिकारही होत होती, आणि तो दोष कोणत्याही गवतावर घालता येत नाही. २००१-०२ च्या थंडीत शेवटची जोडी घन्यात उतरली. त्यानंतर ती जागा रिकामीच आहे.

अहवाल आला, मग म्हशी परत गेल्या का? नाही. कायद्यात राष्ट्रीय उद्यानासाठी तशी पळवाट नव्हती. मधला मार्ग निघाला तो विळ्याचा. भोवतालच्या गावांतील लोकांनी परवाना घेऊन आत जावे, गवत कापावे आणि भारे डोक्यावर घेऊन बाहेर आणावेत. म्हैस दावणीला, गवत तिच्यापुढे. चारा मिळाला हे खरे, कापण्यामुळे गवतही काही ठिकाणी आटोक्यात आले. पण विळा पाण्यात मानेपर्यंत उतरत नाही, खुरांनी थर फोडत नाही, आणि रोज पहाटे आपण होऊन येत नाही. शिवाय जे काम जनावर चरता चरता करत होते ते आता बायामाणसांच्या मानेवर आले. मोठ्या कागदांत हा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून इथे लिहून ठेवला.

आता याच हकीकतीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर गुरे सोडली की सगळे सुधारते असा समज होईल, आणि तो तितकाच चुकीचा ठरेल.

घन्याच्या कोरड्या भागात विलायती बाभूळ माजली. आपल्याकडे हिला वेडी बाभूळ म्हणतात. दिंडीच्या वाटेवर ओढ्याच्या कडेने, पडीक रानात, धरणाच्या मागच्या पाण्यालगत तुम्ही ती शेकड्यांनी पाहता. अमेरिका खंडातून सरपणासाठी आणि पडीक जमीन झाकण्यासाठी हे झाड आणले गेले. गुरे तिचा पाला सहसा खात नाहीत, पण पिवळ्या गोड शेंगा आवडीने खातात. बी कठीण. ते पोटातून न पचता बाहेर पडते आणि शेणाच्या खतातच रुजते. म्हणजे पाण्यातले गवत आवरणारे तोंड रानात काटे पेरत जाते! जनावर तेच, पोट तेच, फक्त जागा आणि झाड बदलले. चराई चांगली की वाईट, असा प्रश्न विचारणाऱ्याला घना उत्तर देत नाही. कोणते जनावर, किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर, एवढे विचारले तर देतो. पाण्यात उंचवट्यांवर लावलेल्या देशी बाभळींवर बगळे, पाणकावळे, चित्रबलाक घरटी करतात. तिथे रोपे लहान असताना गुरांचे तोंड लागले तर पुढच्या पिढीला घरटे बांधायला फांदीच नाही, हेही खरे.

या वेड्या बाभळीबाबत मात्र उद्यानाने चांगली वाट काढली. २००७ च्या सुमारास भोवतालच्या गावांतील लोकांनाच बोलावले. झाडे मुळासकट काढा, लाकूड तुमचे. वरून तोडलेली बाभूळ बुडख्यापासून दुप्पट फुटते, म्हणून मुळासकट ही अट महत्त्वाची. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गावांना भिंतीबाहेर थांबवले होते, त्यांच्याच हातांनी आतली जमीन मोकळी होऊ लागली. १९८२ साली कोणी असे बोलावणे धाडले असते तर, असा विचार मनात येतो आणि तो पुढे नेववत नाही.

आपल्या वारीत काटेवाडीला तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धनगर आपला कळप आणतो, मेंढ्या पालखीला फेरा घालतात, आणि लाखो लोक हात जोडतात. त्याच धनगराचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा गंगथडीकडे उतरतात, तेव्हा शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवण्यासाठी त्याला धान्य देतो, पैसे देतो. दोन रात्री कळप बसला की रानाला खत मिळते. पण चार रात्री जास्त बसला तर बांधावरचे काही उरत नाही. हा हिशेब दोघांनाही तोंडपाठ असतो आणि तो दर वर्षी नव्याने ठरतो. भरतपुरात हा बसून ठरवायचा हिशेब कोणी मांडलाच नाही. एका बाजूला कागद होता, दुसऱ्या बाजूला जमाव.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या इंद्रायणीत आणि चंद्रभागेत म्हशी सोडल्या तर जलपर्णी जाईल का? नाही जाणार. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण दोन्हीकडे पाणी झाकलेलेच दिसते आणि डोळा फसतो. पास्पॅलम हे गवत आहे, त्यात चारा आहे. जलपर्णीच्या फुगीर देठात जवळजवळ सगळे पाणीच. म्हैस तिला तोंड लावते, पण तिने पोट भरत नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी ती तळ्यांत आली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात पसरली, आणि तिथे भातशेती, मासेमारी, नावांच्या वाटा अशा काही अडल्या की १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. त्या कायद्याने ज्याच्या जमिनीत किंवा पाण्यात ती सापडेल त्याच्यावर ती काढण्याची जबाबदारी टाकली. जलपर्णी संपली नाही.

ती संपत नाही याला दोन कारणे. एकेका रोपाला बाजूने नवी रोपे फुटत जातात आणि थोड्याच दिवसांत संख्या दुप्पट होते, शिवाय बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. हे झाले पहिले. दुसरे कारण आपल्या घरातून निघते. तिचे अन्न म्हणजे नत्र आणि स्फुरद, आणि ते तिला सांडपाण्यातून, साबणातून, शेतातून वाहून येणाऱ्या खतातून मिळते. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते, देहू-आळंदी करून तुळापूरला भीमेला मिळते. एवढ्याशा वाटेत तिच्या काठी जी शहरे आणि कारखाने वाढले त्यांचे पाणी कुठे जाते, हे आळंदीच्या घाटावर फेस पाहिलेल्याला सांगायला नको. घन्यात गवत माजले कारण खाणारे तोंड बंद केले. इथे जलपर्णी माजते कारण भरवणारा हात थांबत नाही.

म्हणून यंत्राने जलपर्णी उपसणे आवश्यक असले तरी अपुरे आहे. त्यातही ती कधी आणि कुठे टाकतात याला महत्त्व आहे. फुलावर येण्याआधी, हिवाळ्यातच काढली तर चिखलात बी कमी पडते. काठावरच ढीग घातला तर कुजून तेच खत नदीत परत झिरपते, आणि पहिल्या पुरात उरलेली रोपे खालच्या गावाला जातात. वरून पाणी सोडून ती पुढे ढकलणे म्हणजे आळंदीचे ओझे पंढरपूरच्या वाटेला लावणे. काठापासून दूर नेऊन तिचे खत करता येते, आणि ते पुष्कळ गावांना जमण्यासारखे आहे.

घन्यात अजून काही गुरे आहेत. बंदीच्या वेळी जी आत राहिली आणि जी पुढे लोकांनी सोडून दिली त्यांची पैदास आता रानटी झाली आहे. त्यांना धनी नाही, दावण नाही, घंटा नाही. सांबर आणि नीलगाईंच्या बरोबरीने ती कोरड्या गवतात चरतात. पाऊस चांगला झाला आणि वरच्या धरणातून गंभीरचे पाणी सोडले गेले, की ऑगस्टात उंचवट्यांवरच्या बाभळी घरट्यांनी पांढऱ्या होतात. केवलादेवाच्या देवळात घंटा वाजते, आणि भिंतीबाहेरच्या गावांत बाया सकाळच्या कामाला लागतात, विळे पाजळून.